घर घेतले, घरपट्टीवर नाव मात्र जुनेच: नगरपरिषदेत मालमत्तेची नोंद आपल्या नावावर करून घेताना

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा उमटवून, फोटो काढून, शिक्के मारलेला दस्त हातात पडला की घर आपले झाले असे आपण मानतो, आणि ते खरेही असते. पण पुढे नगरपरिषदेचा शिपाई दारात घरपट्टीचे बिल टाकून जातो तेव्हा त्यावर ज्यांनी घर विकले त्यांचे, कित्येकदा तर त्यांच्याही कैलासवासी वडिलांचे नाव असते. बिल कोणाच्याही नावाचे असो, पैसे भरले की झाले, असे म्हणून ते कपाटात ठेवले जाते. मग नळजोडणी हवी असते, बांधकाम परवानगी हवी असते, बँक कर्जासाठी उतारा मागते, आणि त्या वेळी धावपळ सुरू होते.

गेल्या दीड वर्षात मला अशा दोन नोंदी कराव्या लागल्या. एक आम्ही तालुक्याच्या गावी विकत घेतलेल्या जुन्या घराची, दुसरी वडिलांच्या पश्चात वारसाने आलेल्या घराची. पहिलीला पाच महिने लागले आणि त्यातले निदान तीन माझ्याच अज्ञानापायी गेले. दुसरी महिन्याभरात झाली. या दोन्हींमधला फरक ज्या गोष्टींमुळे पडला, त्या येथे क्रमाने मांडतो. हा लेख नगरपरिषद आणि नगरपंचायत असलेल्या गावांपुरता आहे. महानगरपालिकांचा कायदा आणि कार्यपद्धती वेगळी आहे, आणि ग्रामपंचायतीत तर उताराच वेगळा असतो. तेथे त्याला नमुना ८ म्हणतात.

१. आधी तीन दप्तरे ओळखून घ्या

एकाच घराची नोंद तीन ठिकाणी असते आणि ही तीन ठिकाणे एकमेकांना कळवतीलच असे नाही.

पहिले ठिकाण दुय्यम निबंधक कार्यालय. येथे खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र असे दस्त नोंदले जातात. नोंदणीनंतर दस्ताचा जो गोषवारा मिळतो त्याला सूची क्रमांक २ किंवा सर्रास इंडेक्स टू म्हणतात. दुसरे ठिकाण महसूल व भूमी अभिलेख. गावठाणाचे नगर भूमापन झालेले असेल तर तुमच्या जागेची मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, नगर भूमापन कार्यालयात असते. झालेले नसेल तर जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे असतो. तिसरे ठिकाण नगरपरिषदेचा कर विभाग. त्याच्या आकारणी नोंदवहीत तुमच्या इमारतीचे क्षेत्रफळ, वापर, वार्षिक मूल्य आणि कर देणाऱ्याचे नाव असते. या नोंदवहीची नक्कल म्हणजे असेसमेंट उतारा.

यातली तिसरी नोंद मालकीचा पुरावा नाही. ती कर कोणाकडून घ्यायचा एवढ्यापुरती असते, आणि केवळ त्या नोंदीने कोणी मालक होत नाही किंवा कोणाची मालकी जातही नाही. हे ध्यानात ठेवले तर दोन चुका टळतात. उताऱ्यावर विकणाऱ्याचे नाव आहे एवढ्यावर भरवसा ठेवून कोणी घर घेणार नाही, आणि उताऱ्यावर थोरल्या भावाचे नाव लागले म्हणून घर त्याचे झाले असे समजून धाकटे भाऊ भांडणार नाहीत. काही शहरांत दस्त नोंदला गेला की माहिती संगणकावरून कर विभागाकडे जाते. तुमच्या गावी ती जात असेलच असे गृहीत धरू नका.

२. मालमत्ता क्रमांक शोधून चालू उतारा काढा

नगरपरिषदेत तुमच्या घराची ओळख नावाने नसते, मालमत्ता क्रमांकाने असते. जुन्या बिलावर वॉर्ड किंवा प्रभाग, मालमत्ता क्रमांक आणि बहुधा जुना घर क्रमांक छापलेला असतो. दस्तात बहुतेक वेळा सिटी सर्व्हे नंबर लिहिलेला असतो आणि मालमत्ता क्रमांक एकतर नसतो किंवा चार वर्षांपूर्वीचा असतो. नगरपरिषदेत दर चार वर्षांनी चतुर्थ वार्षिक फेरआकारणी होते, तेव्हा पुष्कळ ठिकाणी क्रमांक बदलतात.

आमच्या खरेदीखतात जुना क्रमांक होता. त्या क्रमांकावर नव्या नोंदवहीत पलीकडच्या गल्लीतले एक पिठाची गिरणी असलेले घर निघाले. लिपिकाने चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "गिरणी तुम्ही घेतली का?" सुदैवाने हे अर्ज करण्याआधी लक्षात आले. म्हणून अर्जाच्या आधी चालू वर्षाचा उतारा काढा, त्यावरची चतुःसीमा किंवा सिटी सर्व्हे नंबर दस्ताशी ताडून पाहा, आणि क्रमांक बदलला असेल तर जुना व नवा दोन्ही क्रमांक अर्जात लिहा.

खरेदीची बोलणी चालू असतानाच हा उतारा पाहिला तर अधिक बरे, कारण पुढची पायरी त्यावर अवलंबून आहे.

३. थकबाकी घराला चिकटते, माणसाला नाही

या लेखातले एकच प्रकरण वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

मालमत्ता कराचा बोजा कायद्याने त्या मालमत्तेवरच असतो. विकणाऱ्याने सहा वर्षे घरपट्टी भरली नसेल तर नगरपरिषद ती वसूल करायला त्या घराच्या दारात येते, आणि दारात आता तुम्ही उभे असता. "खरेदीच्या तारखेपर्यंतचे सर्व कर विकणाराने भरावयाचे आहेत" हे वाक्य प्रत्येक खरेदीखतात असते. त्या वाक्याच्या आधारे तुम्ही विकणाऱ्याकडून पैसे मागू शकता, पण नगरपरिषद त्या वाक्याला बांधील नाही. त्यातच थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. म्हणजे १०,००० रुपये थकीत असतील तर वर्षाला २,४०० रुपये नुसत्या शास्तीचे. मूळ करापेक्षा शास्ती जड झालेली बिले मी स्वतः पाहिली आहेत.

त्यामुळे दस्त करण्याच्या आधी विकणाऱ्याकडून थकबाकी नसल्याचा दाखला मागा. नुसती शेवटच्या वर्षाची पावती पुरेशी नसते, कारण भरलेली रक्कम कोणत्या वर्षाच्या खात्यात जमा झाली हे पावतीवरून नेहमीच उमगत नाही. पाणीपट्टीचे खाते बहुधा वेगळे असते, तेव्हा तिचा दाखला किंवा खातेउतारा वेगळा मागा. आम्ही घरपट्टी तपासली, पाणीपट्टी तपासायची राहून गेली, आणि आधीच्या कुटुंबाचे तीन वर्षांचे पाणी आम्ही विकत घेतले.

थकबाकी निघालीच तर तीवर वाद घालत नोंद अडवून ठेवू नका. भरा, पावती घ्या आणि विकणाऱ्याकडे मागा. शास्ती माफ करणाऱ्या किंवा तीत सवलत देणाऱ्या अभय योजना शासन अधूनमधून आणते, पण त्यांच्या भरवशावर रक्कम वाढू देणे शहाणपणाचे नाही.

४. कागदपत्रे जमवा

नोंद खरेदीची, बक्षिसाची की वारसाची, यावर कागद ठरतात. खरेदीसाठी मला पुढील कागद लागले.

• नोंदणीकृत खरेदीखताची छायाप्रत आणि इंडेक्स टू
• चालू वर्षाचा असेसमेंट उतारा व कर भरल्याची पावती
• थकबाकी नसल्याचा दाखला, घरपट्टी आणि पाणीपट्टी दोन्हींचा
• मिळकत पत्रिका किंवा सातबारा
• खरेदीदाराचे आधार कार्ड व पॅन कार्ड
• सदनिका असेल तर गृहनिर्माण संस्थेचे पत्र किंवा भाग प्रमाणपत्र
• नगरपरिषदेचा छापील अर्ज आणि हस्तांतरण शुल्काची पावती

हस्तांतरण शुल्क प्रत्येक नगरपरिषद आपल्या ठरावाने ठरवते. शेजारच्या तालुक्यात नाममात्र आहे म्हणून आपल्याकडेही तसेच असेल असे नाही. खिडकीवर विचारा, आणि जेवढे सांगतील तेवढ्याची संगणकीय पावती मिळत असेल तरच भरा.

वारसाच्या नोंदीचे कागद थोडे आहेत, गुंता अधिक आहे. पहिला कागद मृत्यूचा दाखला. मृत्यू ज्या गावाच्या हद्दीत झाला तेथील निबंधक तो देतो; मयत व्यक्ती राहत होती तेथील नाही. वडील तालुक्याला राहत होते आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले, तर दाखला जिल्ह्याच्या ठिकाणचा. लोक आपल्याच नगरपरिषदेत हेलपाटे घालत राहतात आणि "नोंद सापडत नाही" हे उत्तर घेऊन परततात.

दुसरा कागद सर्व वारसांची यादी असलेले प्रतिज्ञापत्र. येथे "सर्व" हा शब्द अक्षरशः घ्यावा. आई, विवाहित बहिणी, दिवंगत भावाची पत्नी आणि मुले, ही सारी मंडळी यादीत हवीत. बहिणी सासरी गेल्या म्हणून त्यांची नावे वगळण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. ती बेकायदेशीर तर आहेच, शिवाय पुढे एखाद्या भाच्याने हरकत घेतली की सगळी नोंद रद्द होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एकाच्याच नावावर घर करायचे असे घरात ठरले असेल तर इतरांनी हक्कसोडपत्र करून द्यावे, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलेच असावे. नोटरीपुढे स्टॅम्प पेपरवर केलेले हक्कसोडपत्र स्थावर मालमत्तेला चालत नाही. या एका कागदावर लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जाताना मी पाहिले.

आणखी एक घोटाळा नावांचा. बँकेतल्या ठेवी किंवा शेअर यांच्यासाठी न्यायालयाकडून जे उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळते ते घरासाठी नसते. घराच्या बाबतीत वारसांमध्ये वाद असेल किंवा कार्यालय अडून बसले असेल तर दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि त्याचा आधार १८२७ चा मुंबई विनियम आहे. वकिलाला भेटाल तेव्हा प्रमाणपत्र कशासाठी हवे ते आधी सांगा. सर्व वारस एकत्र असतील तर न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ सहसा येत नाही.

प्रतिज्ञापत्राच्या मुद्रांकाविषयी: ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर जेथे लागायचा तेथे ५०० रुपयांचा लागू लागला. शासकीय कार्यालयांत दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना मात्र मुद्रांक शुल्कातून सूट आहे. म्हणून कार्यालयाबाहेर टेबल मांडून बसलेल्या माणसाच्या सांगण्यावरून लगेच ५०० रुपयांचा कागद घेऊ नका. साध्या कागदावरचे चालेल का, हे आतल्या खिडकीवर विचारून मगच ठरवा.

५. अर्ज आवक करून घ्या

माझे तीन महिने येथे गेले. अर्ज आणि कागद मी कर विभागातल्या ज्या टेबलावर दाखवले तेथेच ठेवून आलो, "ठेवा, बघतो" हे उत्तर ऐकून निश्चिंत झालो. पुढच्या खेपेला तो कर्मचारी दुसऱ्या विभागात बदलून गेला होता आणि माझ्या कागदांविषयी तेथे कोणालाच काही ठाऊक नव्हते. दोष त्याचा कमी, माझा अधिक, कारण अर्ज दिल्याचा एकही पुरावा माझ्याकडे नव्हता.

अर्ज आवक-जावक टेबलावर द्यावा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. ऑनलाइन अर्जाची सोय असेल तर अर्ज क्रमांकाची छापील प्रत काढून ठेवावी. हा क्रमांक हाती असला की पुढचे संभाषण "तो माझा कागद कुठे आहे" असे राहत नाही. "अमुक तारखेचा अमुक क्रमांक" असे होते, आणि उत्तर देणाऱ्याचा सूरही बदलतो. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहावा. खरेदी किंवा मृत्यू यानंतर शक्यतो तीन महिन्यांच्या आत तो द्यावा.

नगरसेवकाची शिफारस लागते का, असे नवे रहिवासी हमखास विचारतात. लागत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी बऱ्याच ठिकाणी काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते आणि तेव्हाही नोंदी होतच होत्या. प्रभागातल्या गटारीसाठी नगरसेवकाकडे जरूर जा. हे काम कागदांवर चालते.

६. पाहणीला कोणी आले तर

नोंदीच्या आधी कर विभागाचा कर्मचारी टेप घेऊन घरी येऊ शकतो. नोंदवहीत दोन खोल्या आणि प्रत्यक्षात वर एक पत्र्याची खोली, असे निघाले तर आकारणी वाढते. ती लपवण्याचा खटाटोप करू नका. मात्र मोजमाप चालू असताना सोबत राहा आणि आकडे आपल्या वहीत उतरवून घ्या. नव्या आकारणीची नोटीस आल्यावर, तीत दिलेल्या मुदतीत हरकत घ्यायची असेल तर हेच आकडे उपयोगी पडतात. विनापरवाना बांधलेल्या खोलीला कर लागला म्हणून ती अधिकृत होत नाही, हेही लक्षात असू द्या.

७. मुदत उलटली तर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. कोणती सेवा किती दिवसांत, किती शुल्कात आणि कोणत्या अधिकाऱ्याने द्यायची याचा फलक कार्यालयात लावणे त्यानुसार बंधनकारक आहे. आमच्याकडे हा फलक जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या टाकीच्या मागे होता. त्यावर हस्तांतरण नोंदीसाठी १५ दिवस लिहिलेले होते. फलकाचा फोटो काढून ठेवा.

मुदतीत काम झाले नाही किंवा अर्ज फेटाळला गेला तर ३० दिवसांच्या आत त्याच फलकावरच्या प्रथम अपीलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते, त्यानंतर द्वितीय अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण विलंब लावणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या दुसऱ्या अर्जाच्या वेळी मी सोळाव्या दिवशी फलकाचा फोटो आणि आवक क्रमांक असे एक नम्र स्मरणपत्र दिले. अपिलाची गरज पडली नाही.

जुनी फाईल सापडत नाही असे उत्तर मिळाले तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पचा अर्ज करून नोंदवहीच्या त्या पानाची प्रमाणित प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. त्यानेही भागले नाही तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, पण त्यासाठीचा अर्ज विहित नमुन्यात आधीच द्यावा लागतो. सोमवारी सकाळी कागद घेऊन गेलात तर परत पाठवतील.

८. नवा उतारा मिळाल्यावर खिडकीतच वाचा

उताऱ्यात दोन रकाने असतात: मालकाचे नाव आणि भोगवटादाराचे नाव. आमचे नाव पहिल्या उताऱ्यात भोगवटादाराच्या रकान्यात चढले आणि मालकाच्या रकान्यात विकणारे तसेच राहिले. आम्ही आमच्याच घरात भाडेकरू ठरलो होतो. ही चूक घरी येऊन, चहा पिताना बायकोच्या लक्षात आली आणि दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करावा लागला.

नावाचे लेखन आधार कार्डाशी अक्षर न अक्षर जुळवा. दत्तात्रय आणि दत्तात्रेय ही आपल्याला एकच व्यक्ती वाटते, बँकेच्या कर्ज विभागाला वाटत नाही. खरेदी पती-पत्नी दोघांच्या नावे असेल तर दोन्ही नावे आली का ते पाहा. दुसरे नाव गाळून "व इतर १" असे छापण्याची खोड संगणकाला आहे.

मग कराचे रकाने पाहा. घरपट्टीसोबत शिक्षण कर आणि वृक्ष कर असतो. शिक्षण कर राज्य शासनाचा असून नगरपरिषद तो फक्त गोळा करते. त्याच्याजवळ रोजगार हमी कराचा रकाना असतो आणि राहत्या घराला तो लागत नाही. तुमच्या बिलात तेथे रक्कम दिसत असेल तर तुमची मालमत्ता, निदान तिचा काही भाग, बिगरनिवासी म्हणून नोंदलेला आहे. आधीच्या मालकाचे पुढच्या खोलीत दुकान होते आणि ते बंद होऊन दहा वर्षे झाली, असा प्रकार जुन्या घरांत फार आढळतो. वापर बदलल्याचा वेगळा अर्ज द्या. मागचा भरलेला कर परत मिळण्याची आशा मात्र धरू नका.

९. उरलेली नावे

पाणीपुरवठा विभागाचे नळजोडणीचे खाते स्वतंत्र असते, म्हणून नवा उतारा जोडून तेथे नाव बदलण्याचा अर्ज लगेच द्यावा. जुन्या वाड्यात एका जोडणीवर तीन बिऱ्हाडे असतील तर आधी जोडणी कोणाच्या वाट्याची हे घरात ठरवा. वीज मीटरच्या नावबदलाचा अर्ज महावितरणकडे ऑनलाइन होतो. नगर भूमापन कार्यालयातला फेरफार हे चौथे काम, आणि मालकीच्या दृष्टीने घरपट्टीपेक्षा महत्त्वाचे; स्वतंत्र घर असेल तर ते टाळू नये. संस्थेतील सदनिकेची मिळकत पत्रिका बहुधा संस्थेच्या किंवा बिल्डरच्या नावे असते, त्यामुळे सदनिकाधारकाला ही पायरी सहसा नसते.

हे सारे झाल्यावर कर विभागात आपला मोबाइल क्रमांक नोंदवून घ्या. आगाऊ भरणाऱ्यांना सूट, फेरआकारणीची सुनावणी, मार्चअखेरची वसुली, अभय योजना, या बातम्या पूर्वी दवंडीने कळायच्या, आता घंटागाडीच्या भोंग्यावरून आणि मोबाइलवरच्या संदेशातून कळतात. घंटागाडी आमच्या गल्लीत सकाळी सव्वासातला येते आणि भोंगा नेमका कोपऱ्यावर वळतानाच तारीख सांगतो, त्यामुळे ती कधीच नीट ऐकू येत नाही. मोबाइल क्रमांक जुन्या मालकाचाच राहिला असेल तर संदेशही त्यांनाच जातो. आमच्या विकणाऱ्यांनी पहिल्या वर्षी तो सौजन्याने मला पुढे पाठवला, सवलतीची मुदत संपल्यानंतर चार दिवसांनी.